उंदराचं पुस्तक

आमच्या वाचनालयात हिटलर सापडला तो बालविभागात.

चांगला चार महिने तो तिथे होता. झालं असं, की परदेशी स्थायिक झालेल्या एका जुन्या सभासदाने घर आवरताना पुस्तकांची एक पेटी वाचनालयाला देणगी दिली. (लोक वाचनालयाला पुस्तकं देतात ती नेहमी घर आवरतानाच देतात. घर लावताना कुणी दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.) देणगीची पुस्तकं दाखल करून घ्यायचं काम आमच्याकडे एक मदतनीस मुलगा करतो. मुलगा कामसू आहे. मराठी पुस्तकाचं तो नाव वाचतो, इंग्रजी पुस्तकाचं मुखपृष्ठ बघतो आणि कपाट ठरवतो. ही पद्धत समीक्षकांतही रूढ आहे, पण त्यांना पुस्तकं उचलून कपाटात ठेवावी लागत नाहीत. तर त्या पेटीतल्या एका पुस्तकावर त्याला भलंमोठं स्वस्तिक दिसलं आणि स्वस्तिकाखाली अंग चोरून बसलेले दोन उंदीर दिसले. स्वस्तिक आणि उंदीर! आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो. त्याने रजिस्टरात ‘गणपतीच्या गोष्टी, इंग्रजी’ अशी नोंद केली, बालविभागाचा शिक्का मारला आणि पुस्तक चांदोबाच्या बांधीव अंकांशेजारी ठेवून दिलं. स्वस्तिकाच्या मधोमध एक मांजराचं तोंड आहे आणि त्याला मिशी आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण मांजराला मिशा असायच्याच, असं तो मागाहून म्हणाला.

पुस्तक होतं आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’. लेखकाचा बाप व्लाडेक हा पोलंडमधला ज्यू, ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आलेला. म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये बसून तो मुलाला आपली हकीगत सांगतो आणि मुलगा ती चित्रांतून काढतो. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं, पोलिश लोक म्हणजे डुकरं. पुस्तकात फाशी आहे, गॅस आहे, भट्ट्या आहेत. आमच्या बालविभागात ते चार मुलांनी वाचलं.

त्यातली एक पाचवीतली मुलगी पुस्तक परत करायला आली तेव्हा काउंटरवर मी बसलो होतो. (मी कार्यकारी मंडळाचा सभासद आहे. संध्याकाळी दोन तास तिथे बसतो. समाजकार्य म्हणून बसतो असं मी सांगतो. घरी त्या वेळी मालिका सुरू असतात.) तिने पुस्तक ठेवलं, पण हात त्यावरून काढला नाही.

“आजोबा, उंदरांनी केलं काय होतं?”

“काही नाही गं.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता मी आयुष्यात काही थोडं वाचलेलं नाही. परंतु चाळीस-पन्नास वर्षांच्या वाचनात मला एवढ्या सरळ रस्त्याने एवढ्या अवघड जागी कुणी आणून उभं केलेलं नव्हतं. मी तिच्या कार्डावर तारीख टाकली आणि तिला दुसरं पुस्तक काढून दिलं. मोठी माणसं करतात ते केलं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, आणि आठ दिवसांत पुस्तक निवड समितीची तातडीची सभा लागली.

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत. बत्तीस वर्षं त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. सज्जन मनुष्य; चहा स्वतःच्या पैशाने मागवतात. सभेत त्यांनी पाऊण तास भाषण केलं, त्याचा मथितार्थ असा: वाचनाच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर तत्त्वज्ञान, कारण त्यात विचार असतो. मधल्या पायरीवर कादंबरी. तिच्यात विचार नसतो, करमणूक असते, परंतु निदान अक्षरं तरी असतात. सर्वांत खाली चित्रांची पुस्तकं. ती वाचायची नसतात, पाहायची असतात, आणि पाहणं म्हणजे वाचन नव्हे. ज्या प्रौढ माणसाला चित्र लागतं त्याची बुद्धी अजून रांगते आहे. सबब, पेटीतली असली सगळी पुस्तकं काढून टाकावीत.

“काढून कुठे टाकायची?” कार्यवाहांनी विचारलं. त्यांना इतिवृत्तात लिहायचं होतं.

“रद्दीत द्या.”

या शब्दाला माझ्या पोटात काहीतरी हललं. ते काय, ते पुढे सांगतो. त्या वेळी मी फक्त हात वर केला आणि म्हणालो, की माझा या ठरावाला विरोध आहे. सर्वांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच रांगत सभेला आलो होतो.

तेव्हा तोंडी बोलायचं राहिलं ते आता लेखी मांडतो.

पहिली गोष्ट पहिल्या पायरीची. सभेनंतर मी एक उद्योग केला. तत्त्वज्ञानाच्या कपाटाची किल्ली मागितली. ती सापडायला दोन दिवस लागले, यावरून सुज्ञांनी काय ते ओळखावं. एकेक ग्रंथ काढून मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. एक ग्रंथ शेवटचा घरी गेला होता १९८७ साली. त्यात बाविसाव्या पानावर बसचं तिकीट होतं. सगळ्याच ग्रंथांत पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रस्तावनेत तर इतक्या, की कुठल्या ओळी महत्त्वाच्या नाहीत तेच शोधावं लागावं. विसाव्या-बाविसाव्या पानानंतर मात्र कागद कोरा करकरीत. मराठी माणसाची जिज्ञासा साधारण त्या सुमाराला राजीनामा देते. आणि तरीही यातला एकही ग्रंथ रद्दीत द्यावा असं समितीत कुणी सुचवलं नसतं. मीही सुचवणार नाही. फक्त एवढंच विचारतो, की न वाचलेलं पुस्तक वरच्या पायरीवर आणि चार मुलांनी वाचलेलं खालच्या, हा हिशेब कुठल्या तर्कशास्त्रातला?

आमच्या घरी ‘गीतारहस्य’ होतं. त्या काळी प्रत्येक घरी असायचं. वडील त्यात रेशनकार्ड ठेवीत, कारण त्या पुस्तकाला कुणी हात लावणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती. आईने कार्ड मागितलं की ते आतल्या खोलीतून ओरडत, “कर्मयोगात बघ!” कर्मयोगात विम्याच्या पावत्या होत्या, माझी जन्मपत्रिका होती आणि गिरणीवाल्याचा हिशेब होता. वडील गेल्यावर कागदपत्रं शोधताना मी ते पुस्तक पहिल्यांदा उघडून वाचायला बसलो. निम्मं वाचलं. खोटं कशाला सांगू, निम्मंच. पण थक्क झालो. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात एक माणूस शिसपेन्सिलीने वह्या भरतो आहे आणि आधी होऊन गेलेल्या भाष्यकारांना एकेक करून अंगावर घेतो आहे, जणू उद्याच्या अंकाचा अग्रलेख जायचा आहे. १९१५ साली ते छापून आलं ते लोकांनी वाचून भांडावं म्हणून आलं. आम्ही त्याला नमस्कार केला आणि आत रेशनकार्ड ठेवलं. पायरी उंच केली की हे असं होतं. पुस्तक इतकं वर जातं की हात पोचत नाही.

अवघड म्हणजे थोर, हा आपला एक लाडका गैरसमज आहे. सुपारी फुटत नाही म्हणून तिला नारळापेक्षा मोठं फळ कुणी म्हणत नाही.

आता मधली पायरी. कादंबरी म्हणजे करमणूक! प्राध्यापकमहाशयांचं बरोबरच आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली काढलेल्या साप्ताहिकाचं नावच ‘करमणूक’ होतं. त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः आली. यमूला वैधव्य येतं, तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, आणि हे सगळं ती स्वतः सांगते. विधवांच्या स्थितीवर त्या काळात व्याख्यानं काय थोडी झाली? शास्त्रार्थाचे खल पडले, दोन्ही बाजूंनी श्लोकांच्या फैरी झडल्या. पण स्वयंपाकघरात बसून ती गोष्ट ऐकणाऱ्या बाईचा प्रश्न श्लोकाचा नव्हताच. तो प्रश्न विचारला गेला ‘करमणूक’ नावाच्या कागदावर.

मी नोकरीला लागलो त्या सुमारास ‘कोसला’ घरी आणली. नेमाड्यांनी ती लिहिली तेव्हा ते पंचविशीत होते. १९६३ चं पुस्तक. वडिलांनी चार पानं वाचली आणि चष्मा काढून विचारलं, “याला शेवटी नोकरी लागते का?” लागत नाही म्हटल्यावर त्यांनी पुस्तक परत केलं. मी मात्र त्यातल्या मनीच्या मरणाच्या पानांशी थांबलो तो थांबलोच. लहान बहीण देवीने जाते. मरण म्हणजे काय यावर मी पुढे बरंच वाचलं. आत्मा अमर आहे हे निरनिराळ्या प्रकाशकांकडून वाचलं. पण त्या पानांनी गप्प केलं तसं कशाने केलं नाही.

तत्त्ववेत्त्यांनाही हे आतून ठाऊक असतं. नाहीतर सार्त्रसारख्या माणसाने १९३८ साली कादंबरी लिहिली नसती. रसेलला तर १९५० साली नोबेल मिळालं ते साहित्याचं! पण आमच्या समितीपुढे स्वतः रसेल आले असते तरी त्यांना एक पायरी खाली उतरून बसावं लागलं असतं.

राहिली शेवटची पायरी, आणि माझं खरं भांडण तिथलं आहे.

सभेत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “साहेब, याला कॉमिक म्हणत नाहीत, ग्राफिक नॉव्हेल म्हणतात.” त्याबरोबर दोन-तीन सभासद सावरून बसले. या नावाची मला मनस्वी चीड आहे. हे नाव ज्याच्यामुळे लोकांच्या तोंडी रुळलं त्या विल आयस्नरने याची कथा स्वतःच सांगून ठेवली आहे. त्याने ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ काढलं आणि एका प्रकाशकाला फोन केला. काय आहे, असं प्रकाशकाने विचारलं. कॉमिक म्हटलं तर हा फोन ठेवील, या भीतीने आयस्नरने ठोकून दिलं, की ग्राफिक नॉव्हेल आहे. प्रकाशक खूश. या म्हणाला. हा घेऊन गेला. प्रकाशकाने पानं चाळली आणि म्हणाला, अहो, हे तर कॉमिक! पुढे १९७८ साली दुसरीकडून ते पुस्तक निघालं आणि त्याच्या मुखपृष्ठावर हे नाव छापलं गेलं. म्हणजे मुलगी दाखवायच्या वेळी ‘गृहकृत्यदक्ष’ म्हणावं, तशातला प्रकार. आता परिस्थिती अशी आहे, की लग्नात अक्षता टाकायला म्हणून शिवलेला कोट अंगावर असला तरच या गृहस्थाला लायब्ररीत घ्यायचं. कॉमिकला कॉमिक म्हणा की! कादंबरी हे नाव तरी काय तपश्चर्येतून आलंय? बाणभट्टाच्या एका नायिकेचं नाव, ते आपण अख्ख्या जातीला देऊन टाकलं.

आमच्या मदतनीस मुलाची सभेत बरीच हजेरी घेतली गेली, म्हणून त्याच्या बाजूनेही दोन शब्द. ‘माउस’ कुठल्या कपाटात ठेवायचं हे त्याला समजलं नाही यात नवल नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’लाही समजलं नव्हतं. त्यांनी १९९१ साली दुसरा खंड खपाच्या यादीत कल्पित साहित्यात घातला. स्पीगलमनने पत्र लिहून विचारलं, की माझ्या बापाचं आयुष्य कल्पित कसं? मग त्यांनी ते हलवलं. पुढच्या वर्षी पुलित्झरवाल्यांनी त्याला ‘विशेष’ पुरस्कार दिला. विशेष म्हणजे काय, तर द्यायचं आहे पण खाना सापडत नाही. अमेरिकेत टेनेसीमधल्या एका शालेय मंडळाने २०२२ च्या जानेवारीत ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारण काय? आठ अपशब्द आणि एक बारीकसं नग्न चित्र. छळछावणी अभ्यासक्रमात चालेल, भाषा जरा सभ्य हवी. बातमी पसरली आणि पुस्तकाचा खप वाढला. या मंडळींपेक्षा आमचा पोऱ्या बरा. त्याने पुस्तक निदान मुलांच्या हाती लागू दिलं, आणि चुकून का होईना, त्यावर स्वस्तिक आहे हे आधी पाहिलं.

बरं, चित्र म्हणजे पोरखेळ हे आपण कधीपासून मानायला लागलो? कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. सुटी चित्रं, कागदावर रंगवलेली. एकेक पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गायची. तिथल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते लोक काय म्हणतात ठाऊक आहे? पोथी! अक्षरांची नव्हे, चित्रांची पोथी. रात्री दिव्याच्या उजेडात ती पाहायला गावातली म्हातारी माणसं बसत. त्यांना कुणी रांगणाऱ्या बुद्धीचे म्हणत नव्हतं. आणि अक्षरांची पोथी म्हणाल, तर ज्ञानेश्वरांइतकी चित्रं कुणी काढली? सिद्धान्त एक, त्याला दृष्टांत चार. माउलींच्या हातात कुंचला नव्हता एवढंच.

पेटीत ‘भीमायन’ही निघालं. डॉक्टर आंबेडकरांची जीवनकथा, २०११ सालचं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. त्यांनी म्हणे प्रथमच सांगून टाकलं, की आम्ही माणसांना चौकटीत कोंडणार नाही. म्हणून पानावर नेहमीचे चौकोन नाहीत. आणि बोलण्याचे फुगे! साध्या, सोसणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पाखरासारखा. ज्याच्या शब्दांत विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. १९०१ साली लहानगा भीम भाऊ-भाच्यांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघतो, मसूर स्टेशनावर उतरतो, आणि जात कळल्यावर गाडी मिळत नाही, पाणी मिळत नाही. ती हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे आणि मी ती पूर्वी वाचलेली होती. हळहळलो होतो, पान उलटलं होतं. पण ही नांगी पाहिल्यावर मला आमच्या लहानपणीची एक ओसरी आठवली, आणि ओसरीवर बसून अगदी गोड आवाजात ‘लांबून घ्या हो’ म्हणणारी आमच्याच घरातली माणसं आठवली. त्यांच्या बोलण्याला शेपूट होतं ते मला सत्तरी उलटल्यावर दिसलं. कुणी दाखवलं? चित्राने. अस्पृश्यतेवर मी शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलेलं आहे, हे जाता जाता नमूद करतो.

आणि तत्त्वज्ञान! वेताळाने विक्रमाला विचारलेले प्रश्न आठवून पाहा. नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसलं आणि दुसऱ्याचं डोकं नवऱ्याच्या धडावर. आता त्या बाईचा नवरा कोणता? विक्रम म्हणतो, डोकं ज्याचं तो. हाच घोळ लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९४ साली घातला. राजपुत्राचा आत्मा जोडे शिवणाऱ्याच्या देहात गेला तर तो कोण? त्यावर विद्यापीठातून अजून पेपर काढतात. वेताळाची गोष्ट घेऊन थॉमस मानने १९४० साली लघुकादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून कर्नाडांनी १९७१ साली ‘हयवदन’ नाटक केलं. आणि मी ती गोष्ट प्रथम कुठे वाचली? चांदोबात. पाठीवर प्रेत, हातात तलवार आणि मागे स्मशान, या शंकर यांच्या चित्राखाली. आता प्राध्यापकमहाशयांनी मला सांगावं, की मी त्या वेळी कितव्या पायरीवर होतो. उत्तर माहीत असून दिलं नाही तर डोक्याची शंभर शकलं होतील, हा नियम त्यांना ठाऊक असेलच.

इराणच्या मारजान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ वाचा. त्यात लहानपणी तिचं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं, तर द्वंद्वात्मक भौतिकवादाचं कॉमिक! त्यात मार्क्स आणि देकार्त यांचं भांडण होतं, आणि जग हा मनाचा खेळ आहे असं देकार्त म्हणतो तेव्हा मार्क्स त्याला सरळ दगड मारतो. देव आणि मार्क्स दिसायला सारखेच, फक्त मार्क्सचे केस जरा अधिक कुरळे, हे त्या पोरीचं निरीक्षण. मी कॉलेजात भौतिकवादावर नोट्स काढल्या होत्या. दगड त्यात नव्हता.

म्हणजे चित्र असलं की सगळं सोनं, असं म्हणायला मी काही दूधखुळा नाही. भिकार कॉमिक्सना गणती नाही, तशी भिकार कादंबऱ्यांनाही नाही. नायक खिडकीशी उभा राहून आठ पानं विचार करतो आणि एवढं करून नवव्या पानावर चहाच पितो, असल्या कादंबऱ्यांतून मी तरुणपणी चांगली पंधरा वर्षं काढली आहेत. आणि हल्ली ती ‘सचित्र तत्त्वज्ञान’ छापाची पुस्तकं निघतात त्यांचा तर मी वैरी आहे. हेगेल कपाळाला हात लावून बसलेला, तोंडातून फुगा, आणि फुग्यात तोच जड परिच्छेद! हे म्हणजे कारल्याला चांदीचा वर्ख लावणं. ‘लॉजिकॉमिक्स’ म्हणून रसेलवरचं २००९ चं पुस्तक आहे ते त्या जातीचं नाही. त्यातून मला तर्कशास्त्र काडीचं कळलं नाही. पण एक आणि एक दोन, हे सिद्ध करण्यापर्यंत पोचायला ज्यांना साडेतीनशेहून जास्त पानं लागली ती माणसं कसल्या भीतीने इतकी खोल खणत होती, ते कळलं. पायाखाली जमीन आहे की नाही हे ज्याला रात्री उठून पाहावं लागतं त्याचा चेहरा कळला. तो चेहरा काढलेला होता म्हणून.

सभेचा निकाल सांगायचा राहिला. बरीच वादावादी होऊन मधला मार्ग निघाला. पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत, बालविभागातही ठेवायची नाहीत. वेगळं कपाट करायचं. कार्यवाहांनी त्यावर स्वहस्ते पाटी लावली, ‘सचित्र, फक्त प्रौढांसाठी’. पहिल्या आठवड्यात त्या कपाटाशी जी गर्दी झाली तशी आमच्या वाचनालयाने शतकात पाहिली नसेल. नव्वद टक्के मंडळी उंदरं पाहून निराश होऊन गेली. दोघांनी वर्गणी परत मागितली.

आता ती पोटात हललेली गोष्ट.

१९८६ च्या मे महिन्यात, म्हणजे ज्या वर्षी तिकडे ‘माउस’चा पहिला खंड पुस्तकरूपाने आला त्याच वर्षी, मी माझ्या दहा वर्षांच्या मुलाचे इंद्रजाल कॉमिक्सचे सगळे अंक रद्दीवाल्याला दिले. त्याच्याकडे पत्र्याची पेटी भरून होते. आमच्या घरात त्या वेळी दोन वेताळ नांदत होते. विक्रमाच्या पाठीवरचा माझा, आणि कवटीच्या गुहेत राहणारा, मुखवटावाला, त्याचा. माझा प्रश्न विचारायचा, त्याचा ठोसे मारायचा. गणितात त्याला कमी गुण पडले आणि मी दुसऱ्या वेताळाला जबाबदार धरलं. मुलगा शेजारी खेळायला गेला होता तेव्हा पेटी रिकामी केली. आलेल्या पैशांत माझे थोडे घालून त्याला थोर तत्त्ववेत्त्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक आणून दिलं. ते आमच्याकडे अजून आहे. कोरं आहे. तो रडला नाही. ओरडला नाही. त्यानंतर त्याने अभ्यासाखेरीज काही वाचलंच नाही. मी अनेक वर्षं हे अभिमानाने सांगत असे.

‘माउस’च्या पहिल्या खंडाच्या शेवटी मुलाला कळतं, की आईने लिहून ठेवलेल्या वह्या बापाने जाळून टाकल्या आहेत. तो बापाला खुनी म्हणतो. हा बाप साधा नाही हो. उपासमारीतून आलेला, अर्धवट खाल्लेला डबा दुकानात परत करायला जाणारा, जुनी तार रस्त्यातून उचलून खिशात घालणारा. तो वह्या जाळतो. कुठे त्या वह्या आणि कुठे माझी किलोभर रद्दी. तुलना करायचीसुद्धा लाज वाटते. पण त्या रात्री मी पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही. ही म्हणाली, “अहो, बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, उंदराचं पुस्तक वाचतोय.

दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याला सभेची हकीगत सांगितली. आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागलेत. स्वस्तिकाची गंमत ऐकून पोट धरून हसला. मग हसू ओसरल्यावर म्हणाला, “बाबा, त्यातला एक वाचायचा राहिला होता. आदल्या दिवशीच आणला होता.” कुठला ते त्याने अचूक सांगितलं, मुखपृष्ठासकट.

इंद्रजाल १९९० सालीच बंद पडलं. पण जुने अंक जमवणारे लोक असतात, असं कळल्यावर शोधत शोधत दादरला एका तरुण संग्राहकाकडे जाऊन पोचलो. काय ती व्यवस्था! काचेची कपाटं, आत क्रमाने लावलेले अंक, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत बंद. आमच्या तत्त्वज्ञानाच्या कपाटाला किल्ली तरी गंजलेली आहे. याची चकचकीत होती. हवा तो अंक होता. किंमत माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त होती. मी नोटा मोजल्या.

“काका, एक सांगतो,” अंक माझ्या हातात देताना तो म्हणाला, “पिशवी उघडायची नाही. हवा लागली की किंमत गेली.”

“तू वाचलायस का हा?”

“छे! हे कुणी वाचतं का?”

मी त्याच्यासमोरच पिशवी फाडली.